आजीला कसं दिसतं?

आईला मोतीबिंदू झालाय. संध्याकाळी समोरून गाडीचा दिवा आला की ती जागीच थबकते. आज सातवीतल्या भाचीने तिला सरळ विचारलं, "आजी, तुला नक्की कसं दिसतं गं?" मग भाचीने जुन्या गॉगलवर दुधी प्लॅस्टिक चिकटवलं, तो घातला आणि ट्यूबलाइटखाली तांदूळ निवडायला बसली. खडा काही दिसेना!

डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं गोळा होतात, भिंग गढूळ होतं, प्रकाश विखुरतो, हे मी सांगितलं. पण "आजीला नीट बघून चाल म्हणायचं नाही" हे तिचं तिनेच ठरवलं. फार भरून आलं मला.

सुट्टीत तिला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका दाखवायचीय. सध्या आजीच्या डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिणं चाललंय. पहिलाच प्रश्न: ऑपरेशनमध्ये बसवतात ते नवं भिंग कशाचं करतात?