तीन मिनिटं

मी पुण्यात बसची वेळापत्रकं बांधतो. 1 ऑगस्ट 2023 ला मेट्रो रुबी हॉल स्टेशनपर्यंत गेली आणि आमच्या टेबलावर फीडर बसच्या, म्हणजे मेट्रोतून उतरलेल्यांना पुढं नेणाऱ्या बसच्या, मागण्यांचा गठ्ठा वाढला.

लोकांना वाटतं, मेट्रो आली की बस सोडायची, त्यात काय एवढं! पुढं गर्दीच्या वेळी मेट्रो दर 7 मिनिटांनी यायला लागली, माझी फीडर दर 15 मिनिटांनी. शाळेतला लसावि आठवा : 105. एकदा गाठ पडली की पुढची थेट पावणेदोन तासांनी!

म्हणून मी 15 चे 14 केले. दर दुसऱ्या मेट्रोला एक बस. जादा बस मागितली असती तर फाईल वर्षभर फिरली असती (सल्लागारांची सादरीकरणं मात्र आठवड्यात मंजूर होतात). मग त्याच तीन बसमध्ये बसवलं. धावायला 38 मिनिटं, फेरी 45 ऐवजी 42 ची, विसावा 7 ऐवजी 4.

फलाटावरून रस्त्यावर यायला किती वेळ लागतो, हे कुठल्याच कागदावर नसतं. तीन सकाळी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. तरुणांना दोन मिनिटं, गेटपाशी कार्ड चाचपणाऱ्यांना तीन, कठड्याला धरून उतरणाऱ्या आजींना पावणेचार. म्हणून मेट्रोनंतर बरोबर चौथ्या मिनिटाला बस. हे उन्नत, म्हणजे खांबांवरच्या स्टेशनचं गणित. जिल्हा न्यायालय स्टेशनचा भुयारी फलाट 33 मीटर खोल, तिथं ते चालायचं नाही.

पहिल्या सकाळी तीन फेऱ्या अशा भरून सुटल्या की मी एकटाच हसत होतो. चौथी हलेना. ड्रायव्हर जागेवर, कंडक्टरताई गायब. पाच मिनिटं, सहा... तोवर पुढची मेट्रो आली. प्रवासी माझ्यावरच तुटून पडले, कारण हातात कागद असलेला मीच दिसत होतो.

ताई जिन्यावरून धापा टाकत आल्या. मी सगळ्यांदेखत आवाज चढवला.

त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, इथं खाली बाईमाणसाची सोय नाही. वर स्टेशनात जावं लागतं. आधी सात मिनिटांत जमायचं. आता बस लागते तेव्हाच मेट्रो रिकामी होते. अख्खा जिना खाली येत असतो, मी एकटी वर चढणार कशी?"

स्टॉपवॉच खिशातच होतं. उतरणारे सगळे मोजले होते, चढणारं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा 15 केले. खाली शौचालय हवं म्हणून पत्र दिलंय. जागा कुणाची, यावर ते अडलंय.

परवा तिथं गेलो होतो. 8:12 ची बस मेट्रो येण्याआधी मिनिटभर निघून गेली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलेल्या एका मुलीनं मलाच विचारलं, "काका, पुढची किती वाजता?"

"8:27."

तिनं घड्याळ पाहिलं आणि रिक्षाला हात केला.