सव्वासहाचे साडेसहा

माझ्या इंग्रजीची मुदत मार्च २०२४ मध्ये संपली. दुधाच्या पिशवीवर तारीख असते ना, तशीच. फक्त ही आपली आपण मोजायची. मार्च २०२२ मध्ये पुण्यात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, साडेसहा बँड (तिथली श्रेणी) आले, ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी हॅमिल्टनला घेऊन आलो आणि निर्धास्त झालो. न्यूझीलंडचं इमिग्रेशन खातं मात्र कायमच्या वास्तव्याच्या अर्जाच्या दिवशी दोन वर्षांहून जुना निकाल धरत नाही. म्हणजे तीन वर्षं इथल्या साइटवर इंग्रजीत हिशेब देऊन, इंग्रजीत भांडून, 'आज काँक्रीट येणार नाही' हे इंग्रजीत ऐकून झाल्यावर आता इंग्रजी येतं की नाही ते पुन्हा सांगा.

कराडहून, पुण्याहून बरेच जण विचारतात म्हणून आधी नियम सांगून टाकतो. इथला स्किल्ड मायग्रंट रेसिडेंट व्हिसा, म्हणजे कुशल कामाच्या जोरावर कायम राहण्याचा परवाना, ऑक्टोबर २०२३ पासून सहा गुणांवर चालतो. मी अर्जाची तयारी केली तेव्हा माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीचे ३ गुण धरले जात होते, आणि इथल्या कुशल कामाच्या दर वर्षाला १, असे तीन वर्षांचे ३. नोकरी कुणाकडे, पगार किती, या अटी वेगळ्या. इंग्रजीला गुणच नाहीत, ती नुसती अट आहे: आयईएलटीएसमध्ये सरासरी ६.५, किंवा पीटीई या दुसऱ्या परीक्षेत ५८. इतरही काही परीक्षा चालतात. ऑस्ट्रेलियाच्या तयारीतल्या मित्रांचं ऐकून धास्तावू नका. तिथे चारही विभागांत प्रत्येकी ७ आणले तर १० गुण आणि प्रत्येकी ८ आणले तर २०, त्यामुळे ती मंडळी अर्ध्या बँडसाठी वर्ष घालवतात. इथे बघतात ती फक्त सरासरी.

पुढचा प्रश्न ठरलेला. 'आमचं कॉलेज इंग्रजी माध्यमाचं होतं, तसं विद्यापीठाचं पत्र आणलं तर?' नाही चालत. पदवी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, अमेरिका किंवा न्यूझीलंडमध्ये शिकून मिळवलेली असेल तर सूट आहे. यातल्या काही देशांचा पासपोर्ट आणि तिकडची पाच वर्षांची नोकरी किंवा शिक्षण असेल तरीही आहे. आमच्या साइटवर एक आयरिश फोरमन आहे. त्याचं बोलणं समजायला मला सहा महिने लागले, आणि इथे जन्मलेले कामगारसुद्धा त्याला दोनदा विचारतात. त्याला परीक्षा माफ. हे मी त्याला स्मोकोच्या वेळी, म्हणजे सकाळच्या चहाच्या सुट्टीत, सांगितलं तर तो इतका हसला की त्याचा सॉसेज रोल खाली पडला.

ऑगस्टमध्ये ऑकलंडला जाऊन पहिली परीक्षा दिली. फी चारशे डॉलरच्या पुढे. निकाल असा: ऐकणं ७, वाचणं साडेपाच, लिहिणं साडेपाच, बोलणं ६. बेरीज २४, सरासरी ६. पुण्यात साडेसहा मिळवणारा मी इंग्रजी बोलणाऱ्या देशात तीन वर्षं राहून अर्ध्या बँडने खाली आलो होतो!

ऐकण्याच्या सातचं श्रेय साइटला. इथल्या लोकांचा 'बेड' आपल्या कानाला 'बिड' लागतो आणि 'सिक्स' जवळजवळ 'सक्स'. पहिल्याच महिन्यात मी 'डेक'चं माप 'डिक' समजून चारचौघांत तोंडघशी पडलो होतो. त्यानंतर कुठलाच उच्चार कठीण वाटत नाही. (माओरीत 'काइ' म्हणजे जेवण. बैठकीच्या निमंत्रणात 'काइ मिळेल' असं वाचलं की अजूनही आधी आमच्या विहिरीतली काई, म्हणजे शेवाळ, डोळ्यांपुढे येते.)

वाचण्यात मात्र स्वतःहून फसलो. आयईएलटीएसचे दोन प्रकार, जनरल ट्रेनिंग आणि अकॅडमिक. जनरलचा पेपर सोपा, असं सगळे सांगतात, म्हणून मी तोच घेतला. उतारे सोपे असतात हे खरं, पण मोजमाप कडक आहे. चाळीसपैकी तीस उत्तरं बरोबर आली तर अकॅडमिकला साधारण ७ मिळतात, जनरलला ६. इथल्या व्हिसाला दोन्ही चालतात, हे मी परीक्षा देऊन आल्यावर वाचलं.

लिहिण्यात पत्र असतं, दीडशे शब्दांचं. मित्राला पत्र लिहा म्हटलं होतं आणि मी त्याला महावितरणला लिहावं तसं लिहिलं. 'वरील विषयास अनुसरून' एवढंच इंग्रजीत करायचं राहिलं होतं. दहा वर्षं नोकरीत जी पत्रं पाडली, ती हातातून सुटत नाहीत.

खरी गोची बोलण्यात होती. एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. मला आलं होतं: तुम्ही नेहमी जाता त्या एखाद्या दुकानाचं वर्णन करा. मी दुकान कुठे आहे, काय मिळतं, मला का आवडतं हे सांगितलं आणि थांबलो. चाळीस सेकंदं झाली असतील. परीक्षक बाई हसतमुखाने बघत राहिल्या. मी पण हसलो. आमच्या घरात विचारलं तेवढंच बोलायची शिस्त; वडील मास्तर, जास्त बोललं की 'मुद्द्याचं बोल' यायचं. इंग्रजी शब्द कमी पडले नव्हते. त्या दुकानाबद्दल मराठीतही मी चाळीस सेकंदांच्या वर बोललो नसतो.

हे लक्षात आलं ते आईमुळे. रविवारच्या फोनवर सहज विचारलं, 'कोपऱ्यावरचा वाणी कसा आहे गं?' आई सुरू झाली. त्याने दुकानाला काच लावली, मग काचेला मुलगा धडकला, मग टाके किती पडले, त्याच्या बायकोने तेव्हापासून गल्ल्यावर बसायला कशी सुरुवात केली, तिला सुटे पैसे कसे मोजता येत नाहीत. घड्याळ लावलं होतं. सात मिनिटं, आणि मध्ये श्वास फक्त पदर सावरायला.

मग तोच क्लास धरला. महिनाभर रोज संध्याकाळी एक कार्ड काढायचं, आधी आईला फोनवर मराठीत सांगायचं. मी थांबलो की ती 'बरं, मग?' म्हणायची. 'मग काही नाही' म्हटलं की, 'असं कसं काही नाही? पाऊस होता का? बरोबर कोण होतं?' फोन ठेवला की तेच इंग्रजीत, भिंतीकडे बघून. हॅमिल्टनमध्येही एक शिकवणी होती. तिथे 'इन माय हंबल ओपिनियन' छापाची वाक्यं पाठ करून घेत. दोन तासांत सोडली.

बायकोला पाचच बँड पुरणार होते, कारण जोडीदाराची अट कमी आहे. तेवढे नसतील तर इंग्रजीच्या वर्गाचे पैसे आगाऊ भरूनही भागतं, पातळी जितकी खाली तितकी रक्कम मोठी. ही सांगलीच्या शाळेत आठ वर्षं इंग्रजीतून विज्ञान शिकवायची. पहिल्या फटक्यात सात आणले आणि त्यावर घरात चर्चा करायची नाही असं मी सुचवलं. ते कुणी मानलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी बेरजेवर डोळा ठेवून बसलो होतो. चार विभागांची बेरीज २५ झाली की सरासरी सव्वासहा, आणि आयईएलटीएसवाले सव्वाचं साडे करून देतात. साडेचोवीस झाली तर मात्र घसरून सहावर. अर्ध्या बँडवर सगळं. बोलण्याच्या कार्डावर या वेळी एक प्रवास होता. मी कराड ते चिपळूण एसटीने नेली, कुंभार्ली घाटात टायर पंक्चर केलं, खाली उतरून कणीस खाल्लं. बाईंनीच मला थांबवलं.

ऐकणं ७, वाचणं ६, लिहिणं पुन्हा साडेपाच, बोलणं साडेसहा. पंचवीस!

आईला फोन केला. तिला आकडे नीट हवे असतात.

'किती पडले?'

'सव्वासहा. पण ते साडेसहा धरतात.'

'असे कसे धरतात?'

'नियमच आहे तसा. सव्वा असलं की वरचं धरायचं.'

आई जरा वेळ गप्प. 'कोथिंबिरीचा भाव कुणी असा वरचा धरला असता ना,' ती म्हणाली, 'तर मी त्याची टोपली रस्त्यावर ठेवली असती.' मग लगेच, 'बरं, मग? पुढे काय झालं?'