साडेबाराचं देऊळ

फोनच्या नकाशात खिद्रापूर टाकलं की कोल्हापूरहून एक निळी रेघ निघते आणि साठेक किलोमीटरवर कृष्णेच्या वळणात जाऊन थांबते. वेळ दाखवतो दीड-पावणेदोन तास. दुपारी जेवण अंगावर आलेलं असताना हा आकडा बघितला की वाटतं, एवढंच ना, चहा पिऊन निघू, पाचपर्यंत टेकू. बेत फसतो तो इथेच. पाचला टेकावं नरसोबाच्या वाडीला. खिद्रापूर हे साडेबाराचं गाव आहे.

इथे कोपेश्वराचं, म्हणजे शंकराचं, जुनं देऊळ आहे आणि त्याच्या पुढ्यात स्वर्गमंडप. शिलाहार राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम. मंडपाच्या छताला मधोमध सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आभाळ सोडलेलं. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा, कडेने १२ खांब, मग त्यांच्या मागे आणखी. सगळे मिळून ४८. सूर्य डोक्यावर आला की आभाळाचं ते वर्तुळ खाली उतरतं. आता आपल्याकडे बारा म्हणजे डोक्यावर, असं सगळे धरून चालतात. पण आपली घड्याळं चालतात ८२.५ रेखांशावर आणि गाव आहे ७४.७ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे अर्धा तास उशिरा येतो. साडेबारा ते असे. ऋतूप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे.

तरी वर्तुळ शिळेवर चपखल बसेलच असं नाही. गावाचा अक्षांश १६.७. सूर्य खरोखर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे शून्य सावलीचे दिवस. मेमध्ये फरशी एवढी तापते की अनवाणी माणूस वर बघतच नाही, नुसता नाचतो. ऑगस्टमध्ये सूर्य वेळेवर येतो, पण ढगांच्या वर. शिवाय तेव्हा कृष्णा भरलेली असते. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाल्याची, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडल्याची, बातमी पेपरात आली की खिद्रापूरचा बेत मुकाट्याने पुढे ढकलावा. नदी गावाला जवळजवळ वेढा घालून आहे, रस्त्यांचा भरवसा नसतो.

राहता राहिला हिवाळा. डिसेंबरात भर माध्यान्हीसुद्धा ऊन ४० अंशांनी कललेलं, त्यामुळे वर्तुळ शिळेवरून घसरून उत्तरेकडच्या खांबांवर चढतं. काही जण यावर हिरमुसतात. खरं तर बघण्यासारखं तेच. सरळ उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं, तिरक्या उन्हात प्रत्येक कंगोऱ्याला स्वतःची सावली मिळते. खांब कुठे गोल, कुठे चौकोनी, कुठे कोनांचे होत गेलेत ते तेव्हा बोटाने वाचल्यासारखं कळतं.

खांब म्हटलं की खांब-खांब-खांबोळी आलीच. देवळात आणलेल्या कुठल्याही पोराला खांब मोजायला सांगू नये, ते मोजणारच असतं. आणि दर वेळी वेगळा आकडा येणार. घरच्या पडवीत चार खांब आणि पाच भिडू, एकाला कायम राज्य. इथे अठ्ठेचाळीस खांब म्हणजे खेळच बुडाला, राज्य कुणावर येणारच नाही. तरी पोरं धावतात. मोठ्यांनी ‘अरे, देऊळ आहे’ म्हणायचं असतं, म्हणतात. या धावण्यात गोल शिळेवर पाय पडलाच नाही असं पोर क्वचित.

क्रमाचंही एक आहे. मंडप पहिल्यांदा लागतो म्हणून आधी तोच बघितला, तर लखलखीत उजेडातून आपण एकदम गाभाऱ्याच्या काळोखात जातो. डोळ्यांना अंधार नीट दिसू लागायला दहा मिनिटं तरी लागतात. माणूस अर्ध्या मिनिटात नमस्कार करून वळतो. कोपेश्वर आणि धोपेश्वर, शिव आणि विष्णू, अशा दोन शाळुंका आत आहेत, हे मग बाहेर पाटी वाचल्यावर कळतं. म्हणून दहापर्यंत पोहोचावं, खाली मान घालून मंडप ओलांडावा, सरळ आत जाऊन उभं राहावं. विजेरी लावू नये. मग बाहेरून प्रदक्षिणा. हिवाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं, उत्तरेची भिंत सावलीतच. पायथ्याला नव्वदहून जास्त हत्ती देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत, ते उभ्याने दिसत नाहीत. उकिडवं बसता येणारे गुडघे सोबत असावेत. आणि साडेबाराला मंडपात. छताच्या कडेने आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल बघताना मान धरते; फोन शिळेवर उताणा ठेवून पुढच्या कॅमेऱ्याने फोटो घ्यावा, मधला गोलही नीट मधोमध येतो.

त्रिपुरी पौर्णिमेचं लोक विचारतात. त्या महिन्यात सूर्य जेवढा दक्षिणेला, पुनवेचा चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला, म्हणजे जवळजवळ या गावाच्या माथ्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेपासून ५ अंश कललेली असल्याने एखाद्या वर्षी तो जरा बाजूने जातो. पण गर्दी बाजूने जात नाही. चांदणं बघायला आलेले सगळे आपापल्या फोनचा दिवा लावून बसलेले.

साडेबाराचं गणित उलटं मोजत आलं की कोल्हापूर आठाच्या आत सोडावं लागतं. आकड्यावर विसंबू नये, कारण हिवाळा म्हणजे गाळपाचा हंगाम. कुरुंदवाडच्या पुढे अरुंद रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे लागला की निळ्या रेघेला काही अर्थ राहत नाही. ओलांडायच्या भानगडीत पडू नये. दुसरी ट्रॉली वळणावर कुठे झुलेल हे ट्रॅक्टरवाल्यालाही ठाऊक नसतं. पाणी आणि खाणं बरोबर असावं. बासुंदी आणि कवठाची बर्फी येताना, वाडीत.

आणि नंदी. या देवळात नंदीच नाही. दक्षाच्या यज्ञाला सतीला घेऊन गेला तो परत आलाच नाही. सतीने तिथे देह टाकला म्हणून शंकर कोपला, म्हणून कोपेश्वर, असं सांगतात. नंदी पलीकडे कर्नाटकात, यडूरला आहे. त्याच दिवशी तिकडेही जाऊन येऊ असं प्रत्येक जण बेतात लिहितो. एक वाजता मंडपातून उठवत नाही, मग भूक लागते, मग वाडी, मग बासुंदी. नंदी पुढच्या खेपेला.

मोजे मात्र जाड घ्यावेत. मार्चनंतर तर नक्कीच.