धर्माचा रकाना

आपल्या शाळेने पन्नास वर्षे पूर्ण केली, त्यानिमित्त मनोगत लिहिताना मी सहली आणि स्नेहसंमेलने बाजूला ठेवते. त्यांच्याविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्याहून चांगले लिहितील.

आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या सुमारास त्या भागातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांत आमचे पूर्वज होते. आई सरकारी दवाखान्यात नोकरीला असल्यामुळे बदली होऊन आम्ही या गावी आलो, तेव्हा येथे ख्रिस्ती घर असे आमचेच. अपरात्री बाळंतपणासाठी ‘सिस्टर, लवकर चला’ म्हणून दार ठोठावणारी माणसे भाड्याने खोली देण्याची वेळ आली की काचकूच करीत. रविवारी आसपासच्या वस्त्यांवरचे चार-दोन विश्वासी आमच्या पडवीत उपासनेला जमू लागले, तशी गावात बाटवाबाटवी चालल्याची आवई उठली आणि पत्र्यावर दगड पडू लागले. आम्ही म्हणत असू ती गीते बहुतेक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, अभंग-ओवीच्या वळणाची होती. दगड मारणाऱ्यांच्या आज्यांनी ती ऐकली असती, तर कदाचित तालही धरला असता.

वर्गात काही मुले मला ‘पैशासाठी बाटलेली’ म्हणत. याच सुमारास शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आई कार्यालयात आली. तेथील कारकून भला माणूस होता. त्याने हलक्या आवाजात सुचवले, ‘‘सिस्टर, कागदावर हिंदू महार लिहा, घरात काय करायचे ते करा. कोण बघायला येतंय?’’ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राखल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. आईने गणवेशाच्या खिशातले पेन काढले, धर्माच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘ख्रिस्ती’ असे लिहिले आणि अर्ज त्याच्यापुढे सरकवला. ती शिष्यवृत्ती मला मिळाली नाही. ज्या धर्मापायी हातचे पैसे गेले, तो आम्ही पैशासाठी घेतला, हा हिशेब मला आजही सुटलेला नाही.

वक्तृत्व स्पर्धेसाठी मी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे नाव दिले, तेव्हा कुजबुज झाली, विषय बदलण्याचाही सल्ला मिळाला. इतिहासाच्या सरांनी मात्र ‘बोल तू’ एवढेच म्हटले. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. सदनात धर्मप्रचार होणार नाही असे आश्वासन होते, आणि त्या भरवशावर पालकांनी आपल्या विधवा मुली तेथे ठेवल्या होत्या. त्यामुळे पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे मी भाषणातही म्हटले नाही. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि काही मुली आपणहून आत येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतले असते, तर बहुधा एवढे काहीच झाले नसते. आमच्या कारकुनाने आईला, तिच्या भल्यासाठीच, वेगळे काय सांगितले होते?

भाषणाला बक्षीस मिळाले नाही. पण पुढच्या रविवारी सर आमच्याकडे आले. उपासना संपली होती. आईने आत बोलावले तरी ते रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा बेताने, पडवीतच बसले, सावकाश चहा घेतला आणि माझ्या गणिताच्या मार्कांविषयी बरेच काही बोलले. त्यानंतर पत्र्यावर दगड पडले नाहीत. टोमणे मात्र दहावीपर्यंत चालूच राहिले.