ती बादली मुद्दाम घेतली होती

दर शनिवारी दोन तास मी वस्तीतल्या अकरा मुलांना फोटो काढायला शिकवते. कॅमेरे चारच, तेही लोकांनी कपाटातून शोधून दिलेले जुने डिजिटल. एकाच्या बॅटरीचं झाकण रबरबँडने आवळलंय.

पहिल्या दिवशी मी ॲपर्चर, शटरस्पीड वगैरे सुरू केलं आणि दहा मिनिटांत अर्धा वर्ग जांभया देऊ लागला. आता पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून देते. त्यातून एका डोळ्याने बघायचं, पुढे-मागे सरकायचं, काय आत आलं नि काय बाहेर राहिलं ते सांगायचं. मग कॅमेरा. बटण अर्धं दाबा, फोकस होऊ द्या, मग पूर्ण. उजेड कमी असला की शटर 1/15 वर येतं, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग उघडं राहतं, नि तेवढ्यात हात हलला की फोटो हलतो. तेव्हा कोपरं पोटाशी, पाठ भिंतीला. हे एकदाच सांगावं लागलं. त्यांची घरं अंधारीच आहेत.

फोटो आले ते मांजरीचे, उड्या मारणाऱ्या मित्रांचे, आईच्या अंबाड्याचे. खरं सांगते, मी हिरमुसले. मला 'वस्तीचं वास्तव' हवं होतं ना!

प्रदर्शनाच्या प्रिंट काढताना नऊ वर्षांच्या एका मुलीचा फोटो हाती आला. पायरीवर बसून खिदळणारा धाकटा भाऊ, आणि कडेला अर्धवट निळी बादली. मी बादली कापून टाकली.

"ताई, बादली कुठंय?"

"फ्रेम नीट दिसावी म्हणून काढली गं."

"ती मुद्दाम घेतली होती. आमचा नंबर होता तो."

नळाच्या रांगेत माणसाऐवजी बादलीच उभी असते. भाऊ तिच्या राखणीला बसला होता.

बरं, हे मी वाचलेलं नव्हतं असंही नाही. 1990 च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. त्यातूनच 'फोटोव्हॉइस' ही पद्धत उभी राहिली. कोणता फोटो दाखवायचा, त्याबद्दल काय सांगायचं, हे काढणाऱ्यानेच ठरवायचं आणि मग ते निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडायचं. मी पहिल्याच पायरीवर घसरले.

प्रिंट पुन्हा काढली, बादलीसकट. खालची ओळ तिने लिहिली: 'आमचा चौथा नंबर.'

गेल्या शनिवारी तिने माझा फोटो काढला. कपाळाच्या वर काहीच नाही.

"अगं, डोकंच कापलंस की माझं!"

"मुद्दाम," ती म्हणाली आणि कॅमेरा पुढच्या मुलाकडे दिला.