थोडा भरडा

मावशींचा फोन आला तेव्हा त्यांनी निकाल आधीच लावून टाकला होता. "डॉक्टरबाई, चोर सापडला. तुम्ही फक्त येऊन तिची चोच छाटून द्या. नाहीतर मी तिला कापून मोकळी होते."

चोर म्हणजे एक तांबडी, किंचित लंगडणारी कोंबडी. ३८ कोंबड्या आणि एक कोंबडा असं ते खुराडं. रोज २८-३० अंडी निघायची, ती तीन आठवड्यांत १७-१८ वर आली होती. पेटीत गवत ओलं, त्यावर बलकाचा चिकट डाग, डागावर मुंग्यांची रांग, आणि टरफलाचा तुकडाही नाही. आधी संशय घुशीवर गेला. मग कुणीतरी साप सुचवला आणि दोन रात्री बॅटरी घेऊन पहारा झाला. साप अंडं अख्खं गिळतो, गवत भिजवत नाही. घूस-उंदीर जमलं तर अंडं ओढून नेतात. इथे जागच्या जागी, टरफलासकट फस्त झालं होतं, म्हणजे खाणारं खुराड्यातलंच होतं. तेवढ्यात मावशींनी त्या लंगडीला पेटीत चोच घालून उभं असलेलं पाहिलं आणि खटला संपला.

मधल्या काळात मिरचीचाही प्रयोग झाला होता. अंड्याला भोक पाडून आत लाल तिखट भरायचं आणि ते पेटीत ठेवून द्यायचं. कोंबड्यांनी ते अंडंही साफ केलं. तिखट लागलं ते मावशींच्या डोळ्याला, हात धुवायचा राहिला म्हणून. हा उपाय मला महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी ऐकवतं. मिरचीतल्या कॅप्सायसिनने आपल्या तोंडाची आग होते, कारण आपल्या नसांमधला एक ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू, त्याला प्रतिसाद देतो. पक्ष्यांमधला तोच ग्राही कॅप्सायसिनला दाद देत नाही. पोपट हिरवी मिरची मजेत खातो ते याचमुळे. कोंबडीला तिखटाचं अंडं म्हणजे नुसतं अंडंच.

चोच छाटायला मी फोनवरच नकार दिला. चोचीच्या टोकात नसा असतात, तिथे कापलं की दुखतं, आणि फुटकं अंडं छाटलेल्या चोचीनेही खाता येतंच. कोंबडी कापण्याबद्दल मात्र मी काही बोलले नाही. तो त्यांचा हक्क. एवढंच म्हटलं की एक दिवस थांबा, मी उजाडायच्या आत येते.

उजाडायच्या आत अशासाठी की कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या पहिल्या काही तासांत घालतात. दहा वाजता पोचलं तर सगळं उरकलेलं असतं.

बॅगेत इंजेक्शनची सिरिंज, खाण्याचा निळा रंग आणि मेणबत्ती घेतली होती. तीन अंड्यांना बारीक भोक पाडून थोडा पांढरा भाग ओढून घेतला, त्या जागी रंग भरला, भोकावर मेणाचा थेंब टाकला आणि अंडी पेट्यांत ठेवली. खाईल तिची चोच निळी होईल, असा साधा हिशेब. लंगडी दोन दिवसांपासून बाहेर डालग्याखाली होती, दाणापाणी आतच. तिला तिथेच राहू दिलं.

मग मी कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसले. मावशी दाराशी. दांडीवरून एकेक कोंबडी धप्पकन खाली उतरली, अंग झटकलं, पाणी प्यायली. पेट्या आठ होत्या. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी असा आमचा ठोकताळा, त्यामुळे कागदावर सगळं नीट होतं. पण गर्दी एकाच पेटीसमोर, डाव्या कोपऱ्यातल्या. एक आत बसलेली, दुसरी तिच्या पाठीवर चढून आत घुसणारी, तिसरी बाहेर पाय बदलत उभी. आत धुसफूस चालू, दिसत काहीच नव्हतं. उरलेल्या पेट्यांपैकी पाच पूर्ण रिकाम्या. वरचा पत्रा सरकलेला, त्यामुळे त्या पाचांत उजेड थेट पडत होता. अंडं घालायला कोंबडी अंधारी, आडोशाची जागा शोधते. ती इथे एकच नीट उरली होती.

पावणेनऊला पहिली निळी चोच दिसली. पांढरी कोंबडी, त्यामुळे अगदी ठळक. मावशींनी दारातूनच बोट दाखवलं. मग दुसरी. मग एकदम तीन. साडेनऊपर्यंत मी ११ मोजल्या, आणि बारावा कोंबडा. तोही गवतावर चोच पुसत उभा होता, अगदी साळसूद.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "आता कुणाकुणाला कापू?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी आपण चुकीचा प्रश्न विचारला होता हेही लक्षात आलं. निळा रंग सांगतो की अंडं कुणी खाल्लं. ते फोडलं कुणी, हे तो सांगत नाही. फुटलेलं अंडं समोर आलं तर ते नाकारणारी कोंबडी मी अजून पाहिलेली नाही. एकीने तोंड घातलं की बाकीच्या धावतात, आणि कोंबडा तर 'कुटकुट' करून बोलावणंच देतो. माझा चोर पकडायचा सापळा म्हणजे पंगतीची हजेरी झाली होती.

तेवढ्यात मावशींनी बाहेर जाऊन लंगडीचं डालगं उचललं. खाली भुशात एक अंडं, थंड, शाबूत. आदल्या दिवशीचं असणार. लंगडी त्याच्याशेजारी बसून होती आणि तिला त्यात काडीचाही रस नव्हता. मावशी काही बोलल्या नाहीत. डालगं बाजूला ठेवून आत गेल्या आणि बराच वेळ पाण्याची भांडी घासत राहिल्या.

मी कोपऱ्यातल्या त्या पेटीत हात घातला. गवत सगळं कडेला ढकललं गेलेलं, मधोमध उघडी फळी. अंडं घालताना कोंबडी अर्धवट उठते, म्हणजे अंडं वरून पडतं, खाली मऊ काही नसेल तर थेट लाकडावर. त्यात तीन-तीन कोंबड्यांची रेटारेटी. आत एक अंडं शिल्लक होतं. उचललं तर अंगठ्याखाली चिरलं, आणि मी काही दाबलं नव्हतं.

खिशातला वजनकाटा काढला. मावशींच्या टोपलीतलं एक चांगलं दिसणारं अंडं ५९ ग्रॅम भरलं. ते फोडून टरफल धुतलं, उन्हात वाळवलं, वजन केलं. ४.३ ग्रॅम. एवढ्या अंड्याचं टरफल साडेपाच ग्रॅमच्या आसपास असायला हवं.

"खायला काय देताय?"

"तुम्ही सांगितलेलंच की. लेयरचं खाद्य आणि थोडा भरडा."

लेयर म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी. दीड महिन्यापूर्वीचा तो फोन मला आठवला. उन्हाळा वाढला होता, कोंबड्या खाद्य टाकून देत होत्या, काय करू म्हणून मावशी विचारत होत्या. मी त्या वेळी एका वासराला सलाईन लावत होते, फोन कान आणि खांद्यात दाबलेला. "थोडा मक्याचा भरडा मिसळून बघा, खातील," असं म्हणून मी फोन ठेवला होता. वासरू वाचलं, ते वेगळं.

"थोडा म्हणजे किती घालता?"

त्यांनी खाद्याचं घमेलं दाखवलं. एक घमेलं लेयर खाद्य, एक घमेलं भरडा. "खातात हो आवडीने," त्या म्हणाल्या. खाणारच. मका कुणाला नको असतो?

मी बादलीवर परत बसले आणि वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले, मावशींना दिसतील असे. लेयर खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असतं. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे पोटात जातं चार ग्रॅम. एका टरफलाला लागतं सव्वादोन ग्रॅमच्या जवळपास, आणि खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लागतं. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही हिशेब जेमतेम जुळतो. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. निम्मा भरडा मिसळला की चार टक्क्यांचे दोन झाले. उन्हामुळे खाणं ९० ग्रॅमवर आलं असेल तर पोटात जाणार पावणेदोन ग्रॅम, त्यातलं अंगी लागणार एकापेक्षा कमी. उरलेलं कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते, काही दिवस. मग टरफल पातळ होत जातं. त्यात ऊन. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि टरफल बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं. त्यातलं कार्बोनेट याच कार्बन डायऑक्साइडपासून येतं, म्हणजे दुसरं टोकही तुटलं.

मावशींनी वही उलटी-सुलटी करून पाहिली. "मग तुम्ही थोडा म्हणालात तो किती?"

"मूठभर. सगळ्यांत मिळून, संध्याकाळी."

"तसं सांगायचं ना मग."

यावर उत्तर नव्हतं. सांगायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून हाताने जे होईल ते केलं. भरडा बंद. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात, खाद्यात न मिसळता, म्हणजे जिला हवा ती हवा तेवढा खाईल. चुरा जाडच हवा. टरफल बनायला जवळजवळ २० तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो, कोंबडी काही खात नसताना. बारीक भुकटी तोवर पुढे निघून गेलेली असते. जाड तुकडे पोटात दाणे दळणाऱ्या पिशवीत अडकून राहतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळतात. पत्रा जागेवर ओढला, सगळ्या पेट्यांना गोणपाटाचे पडदे लावले, तळाला चार बोटं गवत भरलं. अंडी दिवसातून तीनदा गोळा करायची ठरली, पहिली फेरी आठच्या आधी. प्रत्येक पेटीत चिनी मातीचं एक खोटं अंडं ठेवलं. चोच मारली की टक्‌ आवाज येतो, हाती काही लागत नाही, आणि मन उडतं.

माझं सगळं बरोबर निघालं असं नाही. एकदा चव लागली की काही कोंबड्या शाबूत अंडंही फोडायला शिकतात, मग टरफल कितीही जाड असो. लंगडी निर्दोष होती, पण खुराड्यात एक खरी गुन्हेगार होतीच. ती दहाव्या दिवशी कळली. तोवर अंडी २६-२७ वर गेली होती, टरफलं हाताला घट्ट लागत होती, तरी एक-दोन ओले डाग रोज उरायचे. एक ठिपकेदार कोंबडी, अंगाने सगळ्यांत लहान. मावशींनी तिला भर दुपारी चिनी मातीच्या अंड्यावर चोच मारताना पाहिलं, एकदा, दोनदा, दहादा, सुतारासारखी.

या वेळी मावशींनी कापायचं नाव काढलं नाही. फोन करून म्हणाल्या, "हिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, पण मापासकट सांगा."

मी मापासकट सांगितलं. वेगळी पेटी, तळ मागच्या बाजूला उतरता, लांबीच्या प्रत्येक हाताला चार बोटांपेक्षा कमी उतार, वर रबरी चटई. मागे फळीखाली अंडं जाईल एवढी फट, आणि पलीकडे झाकलेला, भुसा घातलेला कप्पा, तिथे तिची चोच पोचत नाही. मावशींनी ती पेटी जुन्या फळ्यांची स्वतः ठोकली.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा ठिपकेदार नुकतीच बसली होती. थोड्या वेळाने ती अर्धवट उठली, मागे घरंगळल्याचा आवाज आला. ती वळली. चटईकडे पाहिलं. मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने. मग बाहेर उडी मारून जोरजोरात ओरडत खुराडंभर फिरली.

"रोज असंच," मावशी म्हणाल्या, आणि मागच्या कप्प्यातून अंडं काढून माझ्या हातावर ठेवलं. अजून गरम होतं.