साखरेची पुडी

मंगळवार, रात्री साडेदहा

दादरच्या पुलावर आज पाय लटपटले. हात थरथरत होते, ब्लाउज घामाने चिंब. आधी वाटलं, गर्दी आणि ऑक्टोबरचं ऊन. पण पोटात खड्डा पडावा तशी भूक लागली, तेव्हा ट्यूब पेटली: रक्तातली साखर उतरली होती. कशीबशी खाली उतरले. फुलवाल्या मावशींनी गोणपाटावर जागा करून दिली आणि स्वतःचं कटिंग पुढे केलं. नुसता पाक! पंधरा मिनिटांत माणसात आले. घरी येऊन बोट टोचलं, तरी साखर ७८च.

मग जुनी वही काढून बसले. फेब्रुवारीचं पान: उपाशीपोटी १०८, जेवणानंतर २४६. मार्चमध्येही तेच. माझ्या माहेरी कुणालाच साखर नाही, त्यामुळे सासूबाईंचा निकाल ठरलेला, ‘गोड खाऊन लावून घेतलीस.’ गणपतीत मोदकाकडे बघायचीसुद्धा चोरी.

खरा चोर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत सापडला. हिपॅटायटिस सी, लिव्हर पोखरणारा विषाणू. धाकट्याच्या वेळी, १९९४ साली, सिझेरियनमध्ये दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तेव्हा आपल्याकडे रक्तदात्याची ‘सी’ची तपासणी सक्तीची नव्हती. बहुधा तिथूनच आला असणार. इतकी वर्षं ना कावीळ, ना ताप.

लिव्हरच्या डॉक्टरांनी समजावलं ते मला पटलं. जेवल्यावर आलेली साखर साठवायची आणि उपाशी असताना जपून सोडायची, ही लिव्हरची कोठावळी, हुकूम इन्सुलिनचा. हा विषाणू पेशींत ठाण मांडतो आणि तो हुकूम आत पोचूच देत नाही. मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं आणि शेवटी दमतं. म्हणजे मोदक अगदीच निर्दोष नसतील, पण सगळा आळ त्यांच्यावर नको होता.

सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, विषाणूवरच्या गोळ्या, बारा आठवडे, सरकारी केंद्रातून फुकट. संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून तपासलं: विषाणू आढळला नाही. त्या दिवशी आम्ही पुरणपोळी केली. (मी अर्धीच खाल्ली. शप्पथ.)

पण साखरेची ग्लिमेपिराइड मात्र जुन्याच मापाने चालू! विषाणू गेला की काहींची साखर उतरते, आणि ही गोळी तर स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढते. लिव्हरवाल्यांना वाटलं शुगरवाले बघतील, शुगरवाल्यांना विषाणू गेल्याचं कुणी सांगितलंच नाही. मीही नाही. माझी वहीसुद्धा जूननंतर कोरी. आकडे चांगले यायला लागले, तसा कंटाळा केला.

आत्ताच शुगरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. ‘उद्यापासून अर्धी घ्या, वही भरा, शुक्रवारी या. बंद होईल असं मात्र धरून चालू नका.’

हे लिहीत असताना सासूबाई आल्या. काही बोलल्या नाहीत. कागदाच्या पुडीत चार चमचे साखर बांधली, माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन दोनदा ओढून बघितली.